जबाबातलं तिसरं वाक्य

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झालीत आणि तय्यबा तुंगेकर यांची दुसरी उकड परातीत पडली आहे. उकड हाताला चटका देत असतानाच मळावी लागते. निवली की भाकरीच्या कडा चिरतात आणि हॉटेलवाला तेवढ्या परत पाठवतो. तय्यबा पाण्यात हात बुडवतात, मळतात, पुन्हा बुडवतात. पहिल्या घाण्यातल्या अडतीस भाकऱ्या सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत गेल्या आहेत. साडेसातला रिक्षावाला येईल तेव्हा एकशे वीस तयार हव्यात.

खोपोलीत शिळफाट्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. महामार्गावरच्या दोन हॉटेलांना रोज साठ-साठ तांदळाच्या भाकऱ्या जातात. शनिवार-रविवारी कळंबच्या एका रिसॉर्टला आणखी दोनशे. तय्यबा सत्तावन्न वर्षांच्या आहेत. हे काम त्या अकरा वर्षं करतात. त्याआधी त्या फक्त घरच्या चार माणसांच्या भाकऱ्या करत.

त्या चारांतली दोन माणसं १२ डिसेंबर २०१३ रोजी दुपारी साजगावला एका कारखान्याच्या फाटकासमोर मारली गेली. नवरा शकूर, वय पन्नास. मुलगा अरबाज, वय एकवीस. दोघं मिळून एक टेंपो चालवत. भांडण माल भरण्याच्या नंबरावरून झालं. फाटकावर हमाल पुरवणारा गजा नावाचा मुकादम होता. त्याचे हमाल न घेता कोणी माल भरला की तो त्याचा नंबर मागे टाकायचा. शकूर म्हणाले, माझा पोरगा आहे, आम्ही आमचा माल भरतो. दहा मिनिटं शिवीगाळ झाली. मग गजा आणि त्याच्या दोन माणसांनी टेंपोतलीच टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार, बाहेर काढली. शकूर जागेवर गेले. मध्ये पडलेला अरबाज दवाखान्याच्या वाटेवर गेला. तय्यबांना कोणी कळवलं नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा दोघांचं शवविच्छेदन सुरू झालं होतं.

तिघांना जन्मठेप झाली. गजा तुरुंगातच हृदयविकारानं गेला. दुसऱ्यानं आजवर कधी रजा मागितलेली नाही. तिसरा निलेश धाकलू हिंदोळा. कळंबच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकूरवाडीतला. गुन्ह्याच्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि गजाकडे हमाली करायला लागून त्याला दोन महिने झाले होते. अरबाजच्या डोक्यात बसलेला घाव त्याचा, असं न्यायालयानं धरलं.

कैद्यानं रजा मागितली की पोलीस दोन घरी जातात. एक त्याच्या, आणि एक ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या. निलेशनं २०१९, २०२१, २०२३ आणि २०२४ साली रजा मागितली. चारही वेळा हवालदार सहदेव घरत तय्यबांच्या दारात आले, चारही वेळा तय्यबांनी सही केली, चारही वेळा अर्ज नामंजूर झाला.

त्या मंगळवारी सहदेव पाचव्यांदा आले. दहाला दहा कमी होते. तय्यबा परात घासत होत्या.

“चाची, आहात का?”

“या. चाय ठेवते. गुडघा कसा हाय?”

“गुडघा रिटायर झाला. माझे सात महिने बाकी आहेत.” सहदेव खुर्चीवर टेकले, पिशवीतून फाईल काढली. “निलेशचा अर्ज आलाय. आई आजारी आहे म्हणून. हरकत आहे ना?”

“हाय.”

एवढंच संभाषण दर वेळी व्हायचं. सहदेव जबाब आधीच लिहून आणायचे. तय्यबा चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकल्या आहेत. उर्दू वाचतात, कुराण वाचतात. मराठी बोलतात रोज, पण मराठी अक्षर वाचायचं तर दुकानाच्या पाटीपलीकडे जात नाहीत. सहदेव बोट ठेवायचे तिथे त्या उजवीकडून डावीकडे सही करायच्या, चहा व्हायचा आणि ते जायचे. नमिरा, त्यांची मुलगी, त्या वेळी कामावर असायची. सहदेवना शंभर कामं असत. आपण ‘हरकत आहे’ एवढंच लिहून देतो, असं तय्यबा सहा वर्षं धरून चालल्या होत्या.

या वेळी सहदेवनी मोबाईल काढला. “नवे साहेब आलेत. म्हणतात, जबाबाचा व्हिडिओ पाहिजे. मी वाचतो, तुम्ही ऐका. मग तेच तुमच्या तोंडानं बोला. दोन मिनिटांचं काम.”

आणि त्यांनी वाचलं. जबाबात चार वाक्यं होती. मी वरील ठिकाणी मुलीसह राहण्यास असून भाकरी करून विकण्याचा व्यवसाय करते. बंदी निलेश धाकलू हिंदोळा याने इतर दोघांसह माझे पती व मुलगा यांचा खून केलेला आहे. सदर बंदी रजेवर आल्यास त्याच्यापासून माझ्या व माझ्या मुलीच्या जीवितास धोका आहे. तरी त्यास रजा मंजूर करण्यास माझी हरकत आहे.

“थांबा,” तय्यबा म्हणाल्या. “तिसरा परत वाचा.”

सहदेवनी तिसरं वाक्य परत वाचलं.

“धोका हाय असा मी कधी बोलले?”

“ते फॉरमॅटमध्ये असतं, चाची.”

“दर वेळी असाच लिहलेला?”

“दर वेळी. सगळ्यांच्यात तसंच असतं.”

“माझ्या सहीवर?”

सहदेवनी मोबाईल खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. नुसती हरकत चालत नाही. हरकतीला कारण लागतं. मला तो बाहेर आलेला बघवत नाही, हे वरच्या टेबलावर कारण म्हणून धरत नाहीत. जिवाला धोका धरतात. धोका नाही म्हटलं की हरकत उरत नाही, आणि हरकत उरली नाही की रजा मिळते.

“म्हणजे त्याला आत ठेवायचा तर मी कॅमेऱ्यासमोर बोलायचा, मला त्याचा भेव वाटतो.”

“तसंच.”

“ही गवाही झाली.”

“झालीच.”

तय्यबांनी चहा गाळला, त्यांच्यापुढे ठेवला. खोट्या गवाहीचं ओझं किती धरतात हे त्यांना कोणी समजवायची गरज नव्हती. लहानपणी मदरशात जी मोठ्या गुनाहांची यादी पाठ करवून घेतात त्यात ती वरच्या चारांत होती. न वाचता केलेल्या चार सह्या मागं पडल्या होत्या, त्यांचं काय ते अल्ला बघेल. पाचवी वेळ मात्र कळून होणार होती.

“आई खरंच आजारी हाय त्याची?”

“मी स्वतः वाडीवर जाऊन आलोय. चिंधीबाई. तोंडाचा कॅन्सर. मिश्री लावायची आयुष्यभर. पातळ काही चमच्यानं घालतात, अर्धं बाहेर येतं. डॉक्टरांचा कागद आहे फाईलला.” सहदेवनी बशीत चहा ओतला. “महिना, दोन महिने.”

“गुरुवारी या.”

“चाची, मला आज…”

“गुरुवारी या म्हटलं ना. नुसती सही करायची असती तर आजच दिली असती.”

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. अंगावर रिसॉर्टच्या कामगारांना देतात तो हिरवा टीशर्ट, त्यावर साडी. तय्यबांनी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, न्यायालयाच्या बाहेर, सोळा-सतरा वर्षांची असताना. पण नाकावरून ओळखलं. निलेशची बहीण ललिता.

“आत येऊ का नको?”

“कोणी धाडली तुला?”

“कोनी नाय. आज सुट्टी हाय माजी.” ललिता उंबऱ्याच्या बाहेरच बसली. “हवालदार बोलला, तुमी अजून सही नाय केली. म्हनून आले. माफ करा असं बोलायला नाय आले मी.”

“मग?”

“विचारायला आले. चार वेळा कागद आला आमाला. रिसॉर्टवरच्या म्यानेजरनं वाचून दाखवला. चारी वेळा तेच. त्याच्यापासून तुमच्या जिवाला धोका.” तिनं पदरानं मान पुसली. “मी कळंबला किचनमदी हाय. दर शनिवारी तुमच्या भाकऱ्यांचं क्रेट मीच उतरून घेते. वर चिठ्ठी असते तुमच्या नावाची. दोन वर्सं झाली. मला वाटायचं, ही बाई आपल्या गावात इतक्या भाकऱ्या धाडते, आन घाबरते म्हंजी कशी?”

तय्यबांना हे माहीत नव्हतं. रिसॉर्टचा माणूस फोन करायचा, टेंपो यायचा, क्रेट जायचं. पलीकडे ते कोण धरतं हे विचारायचं कारण कधी पडलं नव्हतं.

“तू खाल्लीस?”

“उरल्यावर इस्टाफला देतात. खाल्ली की. खोटं कशाला बोलू.”

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

“माझ्या लग्नाला तो नव्हता,” ललिता म्हणाली. “एकवीस सालात. मग बाप मेला, बापाच्या मातीला नव्हता. ते सोसलं. आईला दिसायला पायजे तो. बोलता नाय येत तिला, पन दाराकडं बघते.”

“मला दिसला माझा?” तय्यबांचा आवाज चढला नाही. “मी पोचले तवा डोका शिवलेला होता. तोंडसुद्धा नाय दाखवला नीट, चादर ओढली. मला नाय दिसला, तुझ्या आईलाबी नको दिसायला. असा वाटतो मला. रोज वाटतो. आज पण वाटतो.”

“वाटू दे ना,” ललिता म्हणाली. “त्याला मी काय बोलू? तुमचं गेलंय. पन तेच लिवा मंग. भेव वाटतो असं नका लिवू. आमच्या वाडीत लोक म्हनतात, निल्या बाहेर आला तर बाईला मारंल. त्यो काय वाघ हाय? कोंबडी कापायला नाय जमायचं त्याला.”

“माझा पोरगा मारला त्यानं.”

ललितानं मान खाली घातली. “हा,” ती म्हणाली. “मारला.”

तय्यबांनी आतून पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला. ललिता तो उचलून वरून पाणी प्यायली.

“जा आता. साडेतीनची गाडी गेली तर पुढची पाचला हाय.”

नमिरा एकतीस वर्षांची आहे. खोपोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घेते. भाऊ आणि बाप गेले तेव्हा ती एकोणीसची होती, बारावीला दुसऱ्यांदा बसणार होती. साजगावच्या रस्त्यानं ती अजून जात नाही. लॅबचा मालक तिकडच्या घरांत नमुने घ्यायला दुसऱ्या मुलीला पाठवतो आणि नमिरा तिच्या वाटचं काम करते.

संध्याकाळी सातला ती आली तेव्हा तय्यबांनी सगळं सांगितलं. नमिरानं आधी पर्स खुंटीला लावली.

“ती आली आणि तू पाणी दिलंस.”

“तहान लागलेली होती.”

“अम्मी, खोटं काय आहे त्यात? तुला भीती नाही वाटत. मला वाटते. मुलीच्या जीवितास, असं आहे ना? ती मुलगी मी. मला अजून स्वप्नात तो रस्ता येतो.”

“त्याची भीती वाटते, का रस्त्याची?”

“मला नाही माहीत. फरक करायला मी काय कोर्ट आहे?”

“मग तू बोल उद्या. तुझी गवाही तू दे. मी माझी देते.”

जेवण वाढलं गेलं, तिनं ताट पुढे ओढलं नाही. थोड्या वेळानं बोलली तेव्हा वेगळंच बोलली.

“तुला कळतंय का काय जाणार आहे? भीतीचं सोड. तो हवालदार दोन वर्षांनी एकदा येतो. म्हणतो, चाची, तुमची हरकत आहे का. अब्बांचा आणि अरबाजचा विषय काढणारा तेवढा एकच माणूस उरलाय या जगात. मामू काढत नाही. शेजारी काढत नाहीत. साजगावला त्या फाटकावर विचार, कोणाला आठवत पण नसेल. तू एकदा हरकत नाही म्हणालीस की फाईल झाली. पुढच्या वेळी तो कशाला येईल? तुला कोणी विचारणार नाही. कोणी नाही विचारणार, अम्मी.”

पोलिसांच्या कागदावर खुनांची तारीख १२ डिसेंबर आहे. तय्यबा बरसी चांद्र महिन्यानं धरतात, सफर महिन्याच्या आठ तारखेला. ती दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. थंडीत झालेले खून सरकत सरकत आता पावसाळ्यात आले आहेत. यंदा आठ सफर ३ ऑगस्टला पडली आणि घरात दोघीच होत्या. पहिल्या वर्षी साठ माणसं जेवली होती.

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सहदेव आले. नमिरानं लॅबला दोन तास उशिरा येते म्हणून कळवलं होतं. ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सहदेवनी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. तो घसरून पडला. मग नमिरानं पुढे येऊन मागे वाटी लावली आणि पुन्हा चौकटीत गेली.

“चाची, वर बघा. माझ्याकडे नाही, मोबाईलकडे.”

“त्याच्यात डोळे कुठं हायत?”

“वरचा ठिपका. बोला. नाव, वय, पत्ता.”

तय्यबांनी नाव, वय, पत्ता सांगितला. भाकरीचा धंदा सांगितला. मग म्हणाल्या, “निलेश हिंदोळा आणि आणखी दोघांनी मारले ते माझे पती शकूर हुसेनमियां तुंगेकर, वय पन्नास, आणि माझा मुलगा अरबाज शकूर तुंगेकर, वय एकवीस. नावं लिहा. तुमच्यात नुसता पती व मुलगा लिहलाय.”

सहदेवनी नावं लिहिली. ‘हुसेनमियां’ एकदा खोडून परत लिहिलं.

“मी त्याला माफ केलेला नाय. हे लिहा.”

“ते यात येत नाही, चाची. माफीचा कॉलम नाही.”

“मग पाडा कॉलम.”

“चाची…”

“माफ केलेला नाय, आणि मला त्याच्यापासून धोका पण नाय. दोन्ही लिहा. एक लिहून एक सोडाल तर सही नाय करणार.”

सहदेवनी चष्मा काढला. “हे दोन एकत्र बसत नाहीत. साहेब मला विचारतील, बाईचं म्हणणं काय नक्की? हरकत आहे का नाही?”

“हरकतीला कारण लागतो असा तुम्हीच बोलला. कारण खोटा होता. मग कुठून आणू हरकत?”

व्हिडिओ चालूच होता. तो थांबवून सहदेव गल्लीत गेले आणि ठाण्यात फोन लावला. आत त्यांचं अर्धं बोलणं ऐकू येत होतं. नाही साहेब, दबाव नाही. नाही, पैशाचं काही नाही, मी ओळखतो यांना. माफ नाही म्हणतात. हो. धोका नाही म्हणतात. हो साहेब, दोन्ही. नाही, शुद्धीत आहेत.

ते परत आले. “म्हणाले, बाई बोलतात ते शब्दाला शब्द लिहा.”

जबाब पाच वाक्यांचा झाला. सहदेवनी तो पहिल्यापासून वाचला, मग नमिरानं हातात घेऊन स्वतः वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. जबाब आईचा होता. त्यातून मुलीच्या धोक्याचा उल्लेख गेला होता.

“आणि माझं?” नमिरा म्हणाली.

“तुम्ही वेगळा अर्ज द्या, ताई,” सहदेव म्हणाले. “तुम्हाला त्रास होणार असेल तर तसं लिहा. ते पण पाठवतो बरोबर. घेतील का नाही मी सांगू शकत नाही.”

नमिरानं लॅबच्या पॅडचा कागद फाडला. तिथेच उभ्यानं सहा ओळी लिहिल्या. मी त्याला रजा देऊ नका असे म्हणत नाही, पण तो खोपोलीत आल्यास मला घराबाहेर पडणे शक्य होणार नाही. तय्यबांनी तो कागद वाचून दाखव म्हटलं नाही. आपल्या जबाबावर सही केली, उजवीकडून डावीकडे. चहा झाला. सहदेव जायला निघाले आणि दारात थांबले.

“एक सांगतो, चाची. आता फाईलला लागलं की धोका नाही. पुढल्या वेळी त्यानं अर्ज केला तर बहुतेक यावरच काम होईल. आणि मी तर नसणारच.”

“म्हणजे कोणी येणार नाय.”

“लागणार नाही ना यायला.”

नमिरा तोवर मागच्या दारानं लॅबला निघून गेली होती.

त्या संध्याकाळी गेलेल्यांच्या नावानं करायचा गुरुवारचा फातिहा होता. तय्यबा दर गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर लोबान लावतात. एका ताटात खीर, आणि शेजारी ग्लासात जिरा सोडा, कारण अरबाजला तो आवडायचा. कुराणातला यासिन वाचून त्या दोघांची नावं घेतात आणि मग ताट शेजारच्या मुलांना देतात. नमिरा पहिल्या गुरुवारपासून बाजूला बसते. त्या गुरुवारी ती लॅबमधून साडेनऊला आली. दिवसभराचं काम उशिरा सुरू केलं म्हणून उशीर झाला, असं तिनं सांगितलं. ते खरंही असेल. पुढचे नऊ दिवस मायलेकींत जेवण, गॅस आणि पाणी एवढंच बोलणं झालं.

गल्लीत बातमी जायला दोन दिवस लागले. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत एका बाईनं तय्यबांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, “आजकाल मोठ्या दिलाच्या बायका झाल्यात काय?” तय्यबांनी पिठाचा डबा डोक्यावर घेतला. “सवाल दिलाचा नाय,” त्या म्हणाल्या, “सहीचा होता.” बाईला कळलं नाही. तय्यबांनी कळवलं नाही.

शनिवारी रिसॉर्टचा टेंपो आला. तय्यबांनी दोनशे भाकऱ्या मोजून दिल्या. नमिरानं पूर्वीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांतली एक लावली, तीच नेहमीची. क्रेट गेल्यावर त्यांनी परात घासायला घेतली. चिठ्ठी लावू नये असं त्यांना वाटलं होतं का, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

रजा एकवीस दिवसांची मंजूर झाली. अटी चार. त्यातली तिसरी अट: सदर बंद्याने रजेच्या काळात खोपोली नगरपालिकेच्या हद्दीत प्रवेश करू नये. नमिराच्या सहा ओळी कोणीतरी वाचल्या होत्या. सहदेवनी ती अट तिला फोनवर वाचून दाखवली. ती “बरं” म्हणाली आणि पुढचा नमुना घ्यायला गेली. त्या रात्रीच्या जेवणाला तिनं आईला विचारलं, “मीठ कमी पडलंय का आज?” दहाव्या दिवशी तिनं आपणहून आईला विचारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

सोमवारी, २४ नोव्हेंबरला दुपारी निलेश सुटला. बहीण आणि मेव्हणा आणायला गेले होते. वाडीवर पोचायला संध्याकाळ झाली. चिंधीबाई जिवंत होत्या. नाकात नळी होती. तो खाटेशेजारी बसला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं का ते कोणाला सांगता आलं नाही. बारा वर्षांपूर्वी गेला तो पोरगा किडकिडीत होता. हा माणूस पुढून टक्कल पडलेला होता. ललिता त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगत राहिली, “निल्या गं, आये, निल्या आलाय.” चिंधीबाई दाराकडेच बघत राहिल्या.

हे सगळं सहदेवनी मंगळवारी फोन करून तय्यबांना कळवलं. त्यांना वाटलं, कळवावं.

“मला कशाला सांगता?” तय्यबा म्हणाल्या.

“असंच, चाची. तुमच्यामुळे…”

“माझ्यामुळे काय नाय झाला. मी खरा तेवढा बोलले.” फोन त्यांनी ठेवला नाही. विचारलं, “ओळखला नाय का आईनं?”

“सांगता येत नाही म्हणे.”

“हं,” तय्यबा म्हणाल्या, आणि मग ठेवला.

आज बुधवार, २६ नोव्हेंबर. रजेची दुसरी अट खोपोलीबाहेरच्या, वाडीला जवळच्या ठाण्यात रोजच्या हजेरीची आहे. वाडीपासून कळंबपर्यंत चालत पाऊण तास, तिथून पुढे रिक्षा. काल निलेशनं दहा वाजून चार मिनिटांनी सही केली, आज दहा वाजून अकरा मिनिटांनी. उद्या, गुरुवारी, सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान त्यानं ठाण्याच्या रजिस्टरात तिसरी सही करायची आहे.